निर्दय पातळी

तिच्या नाकावर राग जन्मापासूनच होता, असं तिचा दादा सांगायचा. हे काही खरं नाही. निदान शेहेचाळीस वर्षं ती चारचौघींसारखीच चिडायची आणि चारचौघींसारखीच विसरून जायची. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये ती मेणात पुढचे दात कोरायची. दाढा काय, कोणीही करतं. पण माणूस हसला की जे सहा दात दिसतात, ते पंचवीस वर्षं तिच्याच टेबलावर येत होते. मग गेल्या वर्षी पॉलिशच्या चाकात तिचा उजवा हात सापडला. बोटं वाचली, पण शेवटची दोन धड मिटेनात की धड उघडेनात. आणि कोरताना हात टेकवायला नेमकी तीच दोन लागतात.

त्यानंतर सगळ्यांना तिच्यासाठी दयेचा पान्हा फुटला. मालकांनी तिला तयार कवळ्या डब्यांत भरायला बसवलं. "आता जरा आराम करा, ताई," ते हसून म्हणाले, आणि तेही असं की जणू बक्षीसच देताहेत. बरोबरीच्या बायका तिच्या हातातली बाटली काढून घ्यायच्या आणि झाकण उघडून परत द्यायच्या. घरी दादा. हा तिचा थोरला भाऊ, बायको गेल्यापासून तिच्याकडेच राहायचा. तो तर सकाळी तिच्या बुटांच्या नाड्या बांधायला गुडघ्यावर बसायचा, स्वतःचे गुडघे कुरकुरत असताना. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण प्रेमाने वाकलेल्या माणसावर ओरडायचं तरी कसं?

डॉक्टरांनी बोटं हलती ठेवायला सांगितलं, म्हणून दादानेच टीव्हीला जोडायचा एक जुना व्हिडिओ गेम आणला. राक्षस, जादूगार, पडके किल्ले, आणि शेवटी एक दगडी राणी. तिला मारलं की राज्य मोकळं. गेमने सुरुवातीलाच विचारलं, किती अवघड हवंय? चार पातळ्या होत्या आणि शेवटचीचं नाव होतं 'निर्दय'. तिने तीच निवडली. सोबतीला तीन साथीदार मिळायचे. त्यातला म्हातारा वैद्य तिला जरा ओरखडा उठला की धावत येऊन बरं करायचा. पहिल्याच दिवशी तिने त्याला हाकलून दिलं आणि पाठोपाठ बाकीच्या दोघांनाही.

"अगं चिमे, खेळ आहे तो. एकटीने कशाला मरतेस?" दादा म्हणाला.

"मरू दे. निदान तिथे तरी कोणी माझी कीव करत नाही."

आणि ती मरायची. रोज संध्याकाळी, कामावरून आली की तासभर. लांडग्यांनी खाल्लं, कड्यावरून पडली, एका पुलावरच्या राक्षसाने तर तिला दोन महिने पुढे सरकू दिलं नाही. कंट्रोलर खालून धरायला ती दोन बोटं लागायची, ती ऐनवेळी दगा द्यायची. एकदा तिने उशीत तोंड खुपसून रडूनही घेतलं. पण पुढच्याच आठवड्यात पुलावरचा राक्षस पडला. मग कशी कोण जाणे, तिची घोडदौडच सुरू झाली. बोटं ऐकायला लागली होती! या आनंदात ती मालकांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मला माझे पुढचे दात परत द्या. मालकांनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी सोमवारी सहा दात कोरून दाखवायचे, असं ठरलं.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, तिने दगडी राणीला मारलं. ती सोफ्यावरून अशी ओरडली की दादा स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आला. पडद्यावर तिच्या पराक्रमाची यादी उमटली. एकूण मरणं चारशे बारा. साथीदार नाहीत. पातळी: अवघड.

"अवघड? निर्दय पाहिजे. गेम बिघडला की काय हा?"

दादा हात पुसत राहिला. हात कधीचे कोरडे झाले होते.

"दादा?"

"एकच पायरी खाली केली गं. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. तो पुलावरचा काही सोडत नव्हता ना तुला."

म्हणजे तीन महिने. म्हणजे पुलावरचा राक्षस, नंतरचे सगळे, राणीसुद्धा. तिने आपल्या दोन बोटांकडे पाहिलं. ही सुधारली म्हणून तर ती मालकांकडे गेली होती.

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"तू रडत होतीस, चिमे."

"मग रडू द्यायचं होतंस! माझं रडणंसुद्धा तूच उरकून टाकणार का? उद्या मी कोणत्या तोंडाने त्या टेबलावर बसू? माझ्या हातात काय येतं आणि काय येत नाही, हे मला आता कळणार कसं?"

तिने तो सगळा खेळ, राणीसकट, पुसून टाकला आणि त्याच्याशी एक शब्दही न बोलता जेवली. सोमवारी सकाळी तो सवयीने नाड्यांसाठी वाकू लागला. तिने नुसतं पाहिलं. तो सरळ झाला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. नाड्या बांधायला तिला सात मिनिटं लागली.

लॅबमध्ये ती चार तास कोरत होती. दोनदा चाकू घसरला, पण तिने मान वर केली नाही. शेवटी मालक आले, सहा दातांवरून त्यांनी नजर फिरवली आणि हसले.

"छान आहेत, ताई. चालतील."

तेच हसू. डब्यांपाशी बसवलं तेव्हाचं.

"दुसऱ्या कोणी केले असते, तर चालले असते?" तिने विचारलं. तिचा आवाज इतका चढला होता की शेजारच्या टेबलांवरची चाकं थांबली. "खरं सांगा. माझ्या हाताकडे बघू नका, दातांकडे बघा."

मालकांचं हसू मावळलं. त्यांनी चष्मा लावला, दात दिव्याखाली धरले आणि बराच वेळ फिरवून पाहिले.

"नसते चालले," ते म्हणाले. "डावा सुळा जाड झालाय. मधल्या दोन दातांची रेघ तिरकी आहे. असं काम मी परत पाठवतो."

तिला प्रचंड राग आला. पण तो मालकांचा नव्हता, त्या सुळ्याचा होता. तिने सहाही दात मेणाच्या भांड्यात टाकले, वितळेपर्यंत तिथेच उभी राहिली आणि मग खुर्ची पुढे ओढली.

"संध्याकाळपर्यंत कोणी माझ्या टेबलाकडे फिरकायचं नाही," ती म्हणाली. "मदतीला तर नाहीच नाही."