पानं वाढली की डबा उघडायचा

प्रसादचा फोन आला तेव्हा मी इंदूअक्कावर चिडलेलीच होते. रविवारच्या नाटकाची दोन तिकिटं काढून ठेवली होती आणि ही बाई येणार की नाही ते सांगायला तयार नव्हती. मेसेजवर निळ्या खुणा दिसत होत्या, म्हणजे वाचलेलं होतं. उत्तर मात्र नाही. त्यामुळे फोनवर तिच्या मुलाचं नाव दिसल्याबरोबर मी त्याला काही बोलूच दिलं नाही. “तुझ्या आईला विचार रे, येणार आहे की तिकीट दुसऱ्या कुणाला देऊन टाकू?” पलीकडून प्रसाद म्हणाला, “मावशी... आई आज सकाळी गेली.”

लोकांना अशा वेळी रडू येतं. मला राग आला. आजारी आहे हे सांगितलं नाही, हॉस्पिटलात आहे हे सांगितलं नाही, आणि गेली ती परस्पर गेली. ह्याला काही रीत आहे? यशवंतपूरहून व्हाइटफील्डला प्रसादच्या घरी पोचेपर्यंत मेट्रोत उभ्या उभ्या मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते. आता दीड महिना होत आला, भांडण मिटलेलं नाही. हे लिहायला बसले आहे तीसुद्धा त्याच तिरीमिरीत, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

इंदूअक्का माझी कुणी नात्यातली नव्हे. लग्न होऊन मी पुण्याहून बेंगळुरूला आले, आमचे हे इथल्या सरकारी संशोधन संस्थेत होते. यशवंतपूरच्या घराला लागूनच हिचं घर. हिचे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर. ती निपाणीकडची. तिकडच्या बायकांसारखी “मी येतो, मी जातो” म्हणायची, दर दोन वाक्यांत ‘बरं’ऐवजी एक कानडी ‘सरी’ आणि ‘जरा’ऐवजी एक ‘स्वल्प’ घालायची, आणि माझ्या पुणेरी मराठीला ती ‘रेडिओवरची बातमी’ म्हणायची. मला नवख्या गावात भाजीवाल्याशी बोलायला, रिक्षावाल्याशी भांडायला तिनंच शिकवलं. हे सगळं मान्य. पण तिच्या शेजारी बसून नाटक बघणं म्हणजे काय भोग होता, ते आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या कुणालाही विचारा.

मी नाटकवेडी. लहानपणापासून एकच शिकवण, तिसरी घंटा झाली की श्वाससुद्धा हळू घ्यायचा. इथं वर्षातून चार-दोन वेळा पुण्या-मुंबईचं नाटक येणार, त्याची आम्ही चातकासारखी वाट बघणार. अक्काबरोबरचं पहिलंच नाटक मला अजून आठवतं. चांगला रंगलेला प्रवेश होता. घरात मुलानं बापाशी अबोला धरलेला, सगळे जेवायला बसलेले, कुणीच काही बोलत नाही... हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी. आणि माझ्या कानाशी ‘टक्क’. मी दचकले. अक्काच्या मांडीवर स्टीलचा डबा, त्याचं झाकण तिच्या हातात, आणि लसणाच्या चटणीचा असा काही वास सुटलेला की पुढच्या तीन रांगांतली डोकी एकदम मागे वळली. बापाचं काम करणाऱ्या नटानंही एकदा आमच्या दिशेनं बघितलं, हे मी शपथेवर सांगते. अक्कानं शांतपणे धपाट्याचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि माझ्या हातात दिला.

“अगं, काय करतेस हे?” मी कुजबुजले.

“जेवायला बसलेत की ते,” ती म्हणाली. तिला कुजबुजता येत नसे. “त्यांच्यात पानं वाढलीत आणि आपण नुसतं टकामका बघत बसायचं होय? दृष्ट लागते गं जेवणाऱ्याला. खा.”

मी ते धपाटं हातात धरून बसले. बापलेकाचं भांडण कसं मिटलं ते मला आजतागायत माहीत नाही.

मला वाटलं होतं, एकदाच घडलं असेल. छे. तिचा तो नेम होता. भूक लागली म्हणून ती कधी खात नसे. रंगमंचावर कुणी जेवायला बसलं की डबा उघडायचा, त्यांचं आटोपलं की बंद करायचा. त्यांनी चहा घेतला तर हिच्या पिशवीतून चकली निघणार. पाहुणा आला आणि घरातल्यांनी त्याला पाणी विचारलं नाही तर ही अस्वस्थ, “काय माणसं तरी” असं आख्ख्या रांगेला ऐकू जाईल एवढ्यानं. नाटकात कुणी मेलं की मात्र डबा बंद. मध्यंतरात नळावर जाऊन हातपाय-तोंड धुऊन आल्याशिवाय ती पाण्यालाही शिवत नसे. एकदा पहिल्याच प्रवेशात घरचा कर्ता गेला, आणि मी मनात म्हटलं, देव पावला, आज सुटले. तर ही पदर तोंडाला लावून इतकं मुळूमुळू रडली आणि इतक्यांदा नाक शिंकरलं, की त्यापेक्षा चटणी परवडली.

माझं एवढंच मागणं होतं. एक नाटक, फक्त एक, हिच्या शेजारी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनआवाजाचं, बिनवासाचं बघायला मिळावं. आमचे हे म्हणायचे, “मग बसतेस कशाला तिच्या शेजारी? दुसरीकडे जागा घे.” घेतली होती की. एकदा रुसून चार रांगा पुढे जाऊन बसले. नाटक उत्तम होतं, शेजारची बाई पुतळ्यासारखी बसली होती, आणि माझं सगळं लक्ष पाठीमागे... आता काहीतरी बोलली असेल ही, आता हसली असेल. मध्यंतरात मीच तिला शोधत गेले. तिच्याबरोबर नाटक बघता येत नव्हतं आणि तिच्यावाचून बघवत नव्हतं. ह्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

पुढे हॉलवाल्यांनी मंडळाकडे तक्रार केली. खुर्च्यांना तेलाचे डाग पडतात, मुंग्या होतात, मराठी लोकांचं नाटक असलं की झाडायला दुप्पट वेळ लागतो. मंडळाचे सचिव तेव्हा कुलकर्णी होते. त्यांनी दर नाटकाआधी माइकवरून सांगायला सुरुवात केली, ‘कृपया सभागृहात खाद्यपदार्थ आणू नयेत.’ आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “वहिनी, आम्ही सगळ्यांना सांगतो, पण अक्कांना तुम्हीच सांगा.” म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मी बांधायची. बांधली. अक्कानं सगळं ऐकून घेतलं. “सरी,” म्हणाली. “आवाज नको, डाग नको, वास नको. एवढंच ना?” पुढच्या नाटकाला डबा नव्हता. मी खूश. पानं वाढली गेली, आणि अक्कानं पिशवीतून हातरुमालाची पुरचुंडी काढली. चुरमुरे कुरकुरतात म्हणून भिजवून सुसला करून आणला होता. तेल बेताचं. “आवाज आला का सांग बघू,” ती मला विचारत होती, मोठ्यानं. पुढच्या रांगेत खुद्द कुलकर्णी. तिनं त्यांच्या खांद्यावर टकटक केलं आणि पुरचुंडी पुढे केली. आणि कुलकर्ण्यांनी... काय सांगू, त्यांनी घेतला हो. दोनदा घेतला. नियम करणाराच असा निघाल्यावर बोलायचं कुणाला?

एकदा तर तिनं कहर केला. नाटकात सुनेचं काम करणारी मुलगी रिकाम्या ताटातून घास उचलून खाल्ल्यासारखं करत होती. नाटकात करतात तसंच. नाटक संपल्यावर अक्का तडक आत रंगपटात. मी मागून पदर ओढते आहे, ती ऐकेल तर शपथ. “पोरी, रिकाम्या ताटावर जेवू नये गं. अवलक्षण असतं,” म्हणत तिनं त्या मुलीपुढे डबा धरला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या मुलीनं तोंडाचा रंगही न पुसता उभ्या उभ्या सगळी धपाटी संपवली. मंडळी आदल्या दिवसापासून बसमध्ये होती, रस्त्यात कुठं धड जेवण मिळालं नव्हतं. त्यानंतर ते लोक बेंगळुरूला आले की विचारायचे, “त्या डबेवाल्या अक्का आल्यात का?” मंडळाच्या स्मरणिकेत त्यांच्या नाटकावर चार पानी परीक्षण मी लिहिलं होतं. माझी आठवण कुणाला नव्हती.

यजमान गेल्यावर अक्का प्रसादकडे व्हाइटफील्डला राहायला गेली, आणि मग तर तिला आयतंच निमित्त सापडलं. “दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये घालवून येतो मी, माणूस भुकेजतं की.” जशी काही यशवंतपूरहून चालत यायची तेव्हा उपाशी बसायची.

आणि मग ते शेवटचं नाटक. दारातच मला दिसलं, हातात पिशवी नाही. जरा वाळल्यासारखी वाटली, पण मला काय, मी पिशवीच बघत होते. “आज काय आणलं नाहीस?” “आज एकादशी गं,” ती म्हणाली. त्या दिवशी एकादशी नव्हती, आणि असती तरी एकादशीला ही दुप्पट खाणारी. पण मी कशाला खोलात जाते? आत जाऊन बसलो. घंटा झाली. दुसऱ्या अंकात घरातली सगळी माणसं जेवायला बसली, चांगला लांबलचक प्रवेश. मी कान टवकारून बसले. टक्क नाही, वास नाही, बडबड नाही. तिरप्या नजरेनं पाहिलं तर अक्का दोन्ही हात मांडीत धरून, मान खाली घालून पायांशी बघत होती. मला वाटलं डुलकी लागली. वय झालं, म्हटलं, झोपू दे. आणि मी सुखानं नाटक बघितलं. आयुष्यभर मागितलं होतं तसं. बाहेर पडताना तिला म्हटलंसुद्धा, “आज खरी मजा आली बघ.” ती म्हणाली, “आली ना? सरी मग.”

प्रसादनं नंतर सगळं सांगितलं. अन्ननलिकेचा कॅन्सर. त्या नाटकाच्या कितीतरी आधीपासून घन पदार्थ गिळताच येत नव्हता, त्याच आठवड्यात डॉक्टरांनी निदान केलं होतं. घरच्यांनी नको नको म्हटलं तरी हट्टानं नाटकाला आली, आणि मला कळवायचं नाही असं त्याला बजावलं. “म्हणाली, वीणा नाटक बघायचं सोडून माझ्याकडंच बघत बसेल.” मी तिच्या फोटोसमोर बसून ऐकत होते, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती झोपलेली नव्हती. समोर माणसं जेवत होती आणि तिला घास उतरत नव्हता, म्हणून तिनं तिकडं बघितलंच नाही. त्या नाटकातल्या खोट्या माणसांना, खोट्या भाताला, हिची दृष्ट लागू नये म्हणून. आख्खा प्रवेशभर... सांगायला काय झालं होतं गं तुला? माझ्या कानात सांगितलं असतंस तर आपण उठून बाहेर जाऊन बसलो असतो. खड्ड्यात गेलं नाटक.

चौदाव्या दिवशी प्रसादनं डबा माझ्या हातात ठेवला. “आईनं तुला द्यायला सांगितलंय.” तोच तो, बुडाशी चेपलेला, झाकणावर तिच्या यजमानांचं नाव कोरलेला. मी तो घरी आणून ओट्यावर ठेवला आणि येता-जाता त्याच्याकडे रागानं बघत राहिले. त्या रविवारची तिकिटं तर वाया गेलीच होती.

गेल्या रविवारी पुन्हा नाटक होतं. मी धपाटी केली. तिच्यासारखी झाली नाहीत, कडा चिरल्या. चटणी मात्र जमली. माइकवरून सूचना झाली, ती मी ऐकली. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवली, डबा मांडीवर घेतला. पहिल्या अंकात कुणी जेवेना. दुसऱ्यात एकदाची सुनेनं पानं घेतली, आणि मी झाकणाला हात घातला. आवाज होऊ नये म्हणून किती प्रयत्न केला, कडेकडेनं बोटं फिरवली, पदरात गुंडाळून ओढलं. पण ते झाकण इतकं घट्ट आहे, की ते तसं निघतच नाही. टक्क करूनच निघतं.

सगळा हॉल वळला असावा. चटणीचा वास मलासुद्धा जरा जास्तच वाटला. पुढच्या रांगेतला एक तरुण, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच, मागे वळून म्हणाला, “आंटी, प्लीज. नाटक चालू आहे.” मी त्याला म्हटलं, “तेच तर. जेवायला बसलेत की ते,” आणि डबा पुढे केला. आवाज माझा थोडा मोठाच निघाला, चिरकलाही. त्यानं माझ्याकडे, मग डब्याकडे बघितलं, मान हलवली आणि तोंड फिरवून बसला. एक तुकडासुद्धा घेतला नाही, आणि पुढचा सगळा प्रवेश त्या जेवणाऱ्या माणसांकडे टक लावून बघत राहिला. नाटकाला कसं यावं, हे आजकाल घरातून कुणी शिकवतच नाही.