पहिल्याच हाकेला ओ

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. आधीच सांगते, कारण खाली कुणीतरी 'ताई, झोप पूर्ण घेत जा' असं लिहिणारच... झोप पूर्ण झाली होती आणि भर दुपार होती.

माझं सासर ओतूरचं, नोकरी सॉफ्टवेअरमधली, घरूनच. तळेघरजवळ माझी मावशी राहते. आई लहानपणीच गेली, मावशीनंच मला वाढवलं. मला 'चिमे' म्हणणारी ती एकटी आणि तिला 'माऊ' म्हणणारी मी एकटी. नाचणीच्या काढणीला लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेले होते. रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात, म्हणून तिथंच ठाण मांडलं.

काम रटाळ होतं. आमचा एक फाइल सर्व्हर आहे, बाकीची मशीन्स नेटवर्कवरून त्याच्याकडे फायली मागतात. कोडमध्ये पुढच्या माणसासाठी लिहिलेल्या जुन्या टिपा वाचून वाटायचं, की मागणारा कोण हे सर्व्हर तपासतो. छे! तो काहीच तपासत नाही. मी टीप सुधारत होते — 'समोरचं मशीन सांगेल ते नाव इथे खरं धरलं जातं. ओळख पटवली जात नाही.'

माऊनं विचारलं म्हणून तिला हे सोपं करून सांगितलं. ती हसत सुटली.

"मंग आमीच शान्या म्हनायच्या! रानातनं हाक आली तर तिसऱ्या हाकंबिगर आमी ओ देत न्हाई. ते दोनदाच बोलावतं."

"आणि मी हाक मारली तर?"

"तुझ्या हाका कशाला मोजू गं? तुला पयल्याच हाकंला ओ."

ती मागच्या दारी भांडी घासायला गेली. मी टाइप करत होते, तेवढ्यात खालच्या खाचरातून हाक आली...

"माऊ, ये गं!"

आवाज माझा होता. मी तोंड उघडलेलं नव्हतं.

"आले गं चिमे!" मागून माऊ ओरडली.

मी धावले. भांडी तशीच, माऊ नाही. मावसभाऊ दत्तूदादा आणि मी ओढ्यापर्यंत शोधत गेलो. परतताना बांधावर ती समोरून येताना दिसली. बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणत होती, "दमलीस व्हय चिमे?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"दत्तू, ह्या कोन पावन्या?"

मी रडत रडत सगळं सांगितलं — विळ्यानं कापलेला गुडघा, तापात तिनं जागवलेल्या रात्री, सगळं. तिनं बाजूला मान वळवली, काहीतरी ऐकलं आणि म्हणाली, "हे समदं हिलाबी ठावं हाय."

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डोक्यात काही दोष नाही. दत्तूदादाला ओळखते, सगळ्या गावाला ओळखते, गोठ्यातल्या गाईंना नावानं बोलावते. फक्त मला सोडून. मला याचा अर्थ आजही लागलेला नाही. तुम्हाला लागला तर सांगा, पण वयाचं कारण सांगू नका. तो आवाज मीही ऐकला होता.

अजून जाते. अंगणातून हाक मारते, "माऊ!" पहिल्या हाकेला ओ येत नाही, दुसरीलाही नाही. तिसऱ्या हाकेला ती येते, परक्यासारखी हसते, पाण्याचा तांब्या पुढे करते. आणि आत वळून सांगते, "चिमे, पावनीला गुळाचा खडा आन गं."

मी तांब्या खाली ठेवते आणि निघते. आतून 'आणते' असं कुणी म्हणालं, तर तो आवाज माझाच असेल.