कळंबावरचा रातवा

आधीच सांगतो — भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी हळूच उठून चहा टाकायला जाणारा माणूस. संगमनेरच्या कॉलेजात सायन्स शिकत होतो, अंगात शहाणपणा तर मावत नव्हता. तरी हे लिहितोय, कारण हे ऐकीव नाही...

एकाहत्तरचा वैशाख. राजूरजवळचं आमचं गाव, आणि धाकट्या बहिणीचं, कमलचं लग्न. आमचं देवक कळंबाचं. लग्नाच्या आदल्या दिवशी घरातल्या जोडप्यानं वाजतगाजत जाऊन कळंबाची पूजा करायची आणि लहानशी फांदी तोडून मांडवात आणायची. नाना आणि काकू, म्हणजे आमचे चुलता-चुलती, निघाले. मागे मी आणि वाजंत्री.

उन्हं उतरली होती. नानांनी हळदकुंकू वाहिलं, खालच्या फांदीवर कुऱ्हाड घातली... आणि फांदीवरच्या गाठीनं डोळे उघडले! रातवा. रात्री किडे टिपणारा हा पक्षी दिवसा फांदीला लांबीनं चिकटून बसतो, हातभरावरूनही दिसत नाही. उडाला तेव्हा पंखांचा आवाजसुद्धा आला नाही.

फांदी घेऊन घरी आलो तर मांडवात रडारड. हळदीला बसलेली कमल एकाएकी ताठ झाली होती. डोळे अर्धवट मिटलेले, हाकेला ओ नाही. उद्या वऱ्हाड दारात येणार, आणि पोरगी अशी!

नानांनी रातव्याचं सांगताच आई उसळली. "फांदीवर जीव हुता आन् तुमी कुऱ्हाड घातली? आदी जाऊन पाया पडा त्याच्या!"

एरवी मी हसलो असतो. कमलकडे बघितलं आणि नाना-काकूंच्या मागे निघालो. तुटक्या खुंटाला लागून रातवा पुन्हा बसला होता... की ते लाकूडच होतं? शपथेवर सांगता येणार नाही. नानांनी टोपी काढून हात जोडले. काकूंनी पदर पसरला आणि त्यांना रडू फुटलं.

परत आलो तर कमल उठून पाणी पीत होती. आम्हाला बघून म्हणाली, "नाना, टोपी कशापायी काढली? आन् काकू, तू रडत का हुतीस?"

आमच्याआधी घरी कुणीच पोचलं नव्हतं; टोपीही नानांनी वाटेतच पुन्हा डोक्यावर घातली होती.

लग्न पार पडलं. डॉक्टर म्हणाले, उपास आणि ऊन. असेलही. पण टोपीचं तिला कसं कळलं, याचं उत्तर मला कित्येक वर्षं मिळालं नाही.

कमल आता आजी झालीय. मध्यंतरी धीर करून विचारलं, "त्या संध्याकाळी तू कुठं होतीस गं?"

तांदूळ निवडणारे तिचे हात थांबले.

"फांदीवर," ती म्हणाली. "हलायचं न्हाई, एवढंच कळत हुतं. लई भ्या वाटत हुतं, दादा... तुमाला मी दिसंन म्हनून."