आबांचा केरवा

शाळेतला तबला दमट झाला की मी तो उन्हात ठेवतो. तापलेल्या चामड्याचा वास सुटला की माझे वडील, आबा, ढोलकी तापवायचे ते पेडगावचं आमचं अंगण आठवतं.

संगीत शिक्षकाच्या मुलाखतीला दोन दिवस उरले होते. मजुरीवरून आलेले आबा हातपाय धुऊन ढोलकी घेऊन माझ्या पेटीसमोर बसले. भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी त्यांचीच असायची.

"ये, केरव्याचा ठेका दावतो. पोरांची गाणी त्याच्यावरच असत्यात."

"आबा, मी विशारद झालोय. तिथं तुमचं ढोलकीचं न्हाई चालत."

"बरं बाबा, पंडितजी," म्हणत त्यांनी हसून ढोलकी गवसणीत घातली.

मुलाखतीत राग चांगला झाला. मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तबला पुढे सरकवला. "प्रार्थनेला केरवा धरा." दोन आवर्तनांतच माझा हात अडखळला. जागा दुसऱ्याला मिळाली.

"काय इचारलं रे?" आबांनी घरी विचारलं.

"रागच विचारले."

"मग बरं झालं. तुझा टाइम न्हाई घालवला म्या."

पुढे परभणीत एका सरांकडे वर्षभर केरवा शिकलो, तेव्हा नोकरी लागली. मुलाखतीत केरव्यावरच अडलो होतो, हे आबांना कधी सांगितलं नाही. लेकाला देण्यासारखं आपल्याकडे काही नव्हतं, असंच समजून ते गेले.