न दाबलेलं बटण

माझं डोकं सगळ्यात जास्त कुणी खाल्लं असेल, तर त्या टिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरनं. पतसंस्थांची कामं केली, उसाच्या वजनकाट्याचं केलं, पण असा वैताग कुणी दिला नाही.

काम ऐकायला सोपं होतं. धाराशिवातल्या एक डॉक्टरीणबाई टिक्सवर संशोधन करत होत्या. टिक म्हणजे अंगाला आपोआप बसणारा झटका. पापण्या फडफडतात, मान उडते, घशातून आवाज निघतो. शिंकेसारखंच, थोडा वेळ दाबता येतं, थांबवता येत नाही. डॉक्टरांना घरोघरी सत्रं घ्यायची होती. मूल लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसणार, शेजारी घरचं माणूस. झटका आला की त्या माणसानं बटण दाबायचं. काही सेकंद झटक्याविना गेले की लॅपटॉपनं टिंग करायचं, म्हणजे शाबासकी. वेळ नीट मोजणारा प्रोग्राम लिहायचा, एवढंच माझं काम.

त्यात बेंबळी गावची एक मुलगी होती, बारावीची. तिची मान उडायची आणि घशातून आवाज यायचा. वर्गात हसतात म्हणून तिनं कॉलेजला जाणंच सोडलं होतं. झटके आवरायची शिकवणी डॉक्टर देणार होत्या, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये बसायचं तर तिला ती हवीच होती. अट एकच, व्हिडिओत दिसतं ते आणि सॉफ्टवेअरमधली नोंद जुळली पाहिजे. नाही जुळली की सत्र बाद. सत्रं बाद होत गेली की मुलगीच बाद.

नेमकं तिचंच जुळेना.

"अहो, मान उडतेय आणि तुमचं मशीन टिंग टिंग करतंय," डॉक्टरांचा फोन. "शाबासकी कशाची देताय?"

झालं. लाइट गेली की लॅपटॉपचं घड्याळ गंडतं की काय, म्हणून मी वेळ मोजायची पद्धतच बदलली. परत तेच. नवा कीबोर्ड पाठवला. परत तेच. नवऱ्याला समोर बसवून पापण्या मिटायला लावल्या, सासूबाईंना बटणावर बसवलं. नोंद एकदम चोख! सासूबाईंना तर एवढी गोडी लागली की बटण सोडेनात. सगळ्यांच्या घरी नीट चालतं, मग बेंबळीतच याला काय धाड भरते? वर डॉक्टर म्हणाल्या, अजून एक सत्र बाद झालं तर मला तिला वगळावं लागेल. म्हटलं, मरू दे, जाऊनच बघते.

गेले. आधी चहा, मग पोहे, मग दारात शेजारणी, "कम्प्युटरवाल्या बाई आल्यात व्हय?" सगळ्यांना हाकलून दार लावलं. मुलगी बसली, आई तिच्या शेजारी, मी मागं. सत्र सुरू केलं. मुलीची मान उडाली. आईचं बोट बटणावर होतं, ते तसंच राहिलं. पुन्हा मान उडाली, आवाजही आला. बोट जागचं हललं नाही. टिंग!

"मावशी! दाबा की!" मी ओरडलेच. "दिसलं नाही का तुम्हाला?"

"दिसलं की."

"मग?"

"ताई, माझ्याच लेकराची म्या चहाडी करू व्हय? पावण्यारावळ्यांत आजवर सांगत आले, तिला काय न्हाय, उन्हाचा तरास हाय. आन् आता डाक्टरला म्याच दाखवून देऊ?"

अरे देवा! आठवडाभर मी प्रोग्राम उसवत बसले होते आणि बिघाड इथं मांडी घालून बसला होता. माझा पारा चढला. "अहो, तुम्ही तिचं चांगलं दाखवताय म्हणूनच तिला काढून टाकणार आहेत! पोरीच्या पायावर तुम्हीच धोंडा पाडताय!" मोठ्या माणसाशी असं बोलू नये, पण बोलले.

बाई माझ्याकडं वळल्या. "चांगलं दिसलं म्हून काढत्यात?" लेकीचं झाकलं की तिचं भलं होतं, एवढंच त्या आजवर बघत आल्या होत्या. माझं बोलणं त्यांच्या पचनी पडेना.

स्क्रीनवरची नजर न काढता मुलगी म्हणाली, "आई, तू दाबत न्हाईस तवा मला वाटतं, मी मुद्दामच करतीय."

मला अजून बरंच ओरडायचं होतं, ते राहूनच गेलं. मी सत्र पहिल्यापासून लावलं.

मान उडाली. आईनं बटण दाबलं. पुन्हा उडाली, पुन्हा दाबलं. बराच वेळ टिंग झालंच नाही. डोळे पुसायला त्यांनी पदर दुसऱ्या हातानं ओढला. बटणावरचा हात काही काढला नाही.