नव्या स्पीकरमधली शिट्टी

कसबा पेठेतल्या माझ्या खोलीत मी बोलकी पुस्तकं रेकॉर्ड करतो. मागच्या महिन्यात नवे स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे आवाजातला बारीकसारीक दोषही ऐकवणारे स्पीकर, घेतले आणि पस्तावलो. जुन्या स्पीकरवर माझा आवाज गोड लागायचा. यांच्यावर प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक बारीक शिट्टी ऐकू यायची. कान सरावतील म्हणून आठवडाभर थांबलो. मग दुकानदार म्हणाला, टेबलावर ठेवू नका, लाकडी स्टँड करून घ्या. म्हणून सुताराला बोलावलं.

तो नागपूरकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. स्क्रू पिळण्याआधी प्रत्येक फळीवर बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि मान कलती करून ऐकायचा. काम झाल्यावर मी माझं रेकॉर्डिंग लावलं. शिट्टी होतीच.

“बघा, पीसच खराब दिलाय,” मी म्हणालो.

तो स्पीकरसमोर उकिडवा बसला. “अजून एकदा लावा.”

मी लावलं. ऐकून झाल्यावर त्याने स्पीकरकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

“स्पीकर चांगला आहे, सर. शिट्टी तुमच्या छातीत वाजून राहिली. माझ्या भावाची अशीच वाजायची. डॉक्टरला दाखवून घ्या.”

‘वाजायची’ म्हणाला तो. भावाचं पुढे काय झालं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

तो गेल्यावर दवाखान्यात फोन करून उद्याची वेळ घेतली. मग एकेक जुनी फाईल लावत बसलो. दोन वर्षांपूर्वीच्या पुस्तकातही ती शिट्टी स्पष्ट होती. ते पुस्तक मी स्वतः तीनदा ऐकून, निर्दोष म्हणून पाठवलं होतं.