तेवीस किलोंत मावेल तेवढं

विमानाने लांब जायचं ठरलं की बॅग भरताना घाम फुटतो, किस्से मात्र आपोआप भरत जातात. त्यांना वजनाची मर्यादा नाही ना! मी जर्मनीला शिकायला निघाले तेव्हा घरात इतके साठले, की मैत्रिणी अजून फोनवर म्हणतात, "ए, ते बुटांचं सांग ना परत!" सांगते. पण आधी अप्पा.

अप्पा म्हणजे माझे वडील. जुन्या हुबळीत आमचं धान्याचं होलसेल दुकान आहे. ॲडमिशनची बातमी मी त्यांना दुकानातच सांगितली. ते एका पोत्यावर लाल रंगाने 'बारदान परत' लिहीत होते. माल घ्या, पण रिकामं पोतं आमचं आहे, ते परत पाठवा, हा दुकानाचा नियम. माझी आत्या, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती धारवाडला मळमड्डीत राहते. तिला गूळ पाठवला तरी कापडी पिशवीवर तेच! ती चिडते, "अरे, सख्खी बहीण आहे मी तुझी!" आणि पिशवी परत पाठवते.

बातमी ऐकून अप्पांनी ब्रश खाली ठेवला.

"किती किलो नेता येतं?"

"तेवीस. आणि हातात सात."

"एवढंच?"

संपलं! अभिनंदन नाही, नको जाऊ नाही. मीच म्हटलं, "दोन वर्षांचा कोर्स आहे अप्पा, मग परत येणार." पण समोरच्या कुलकर्णीकाकांचा विनायकही असंच सांगून अमेरिकेला गेला होता.

"मुलं जातात," अप्पा म्हणाले. "मग फोटो येतात."

या विषयावर ते बोलले ते एवढंच. दुसऱ्या दिवशी दुकानातला वजनकाटा उचलून त्यांनी हॉलमध्ये आणून ठेवला.

* * *

काटा आला आणि पाठोपाठ अक्का आली. ती शाळेतून रिटायर झाली आहे, पण ते शाळा सोडून कुणालाच मान्य नाही. तिच्या पिशवीतून शेंगाची चटणी निघाली, मेतकूट निघालं, पेढे निघाले आणि सगळ्यात शेवटी पड्डूचा, म्हणजे आप्प्यांचा, बिडाचा तवा निघाला. काट्यावर ठेवला तर आकडा बघून आईच खाली बसली.

"अक्का, हा नेला तर मी कपडे कुठे ठेवू?"

"कमी ने. कोटाच्या आत काय घातलंय ते त्या थंडीत कोण बघतंय?"

"आणि हे पेढे? त्यांचं वजन?"

"ते कशाला धरायचं वजनात? वाटेतच संपणार आहेत!"

तवा मी तीन वेळा बाहेर काढला. तीनही वेळा तो परत आत गेला. कुणी ठेवला, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही.

* * *

मी व्हिडिओ बघून कपड्यांच्या गुंडाळ्या करायला शिकले. जागा वाचते, घड्या पडत नाहीत. सगळी बॅग लावून आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर आईने एकूणएक गुंडाळी सोडून, इस्त्री करून, साड्यांसारख्या घड्या घातलेल्या!

"आई! काय केलंस हे!"

"बॅग उघडल्यावर लोक म्हणतील, हिच्या घरात आई नव्हती वाटतं."

तिथे माझी बॅग उघडायला कोणते लोक येणार होते, देव जाणे. मी परत गुंडाळल्या. तिने परत घड्या घातल्या. या वयाच्या माणसांशी वाद घालता येतो, जिंकता येत नाही.

* * *

आता बुटांचं. नवे कोरे बूट घेतले होते. आतली जागा फुकट का घालवायची, म्हणून मी त्यांत चटणीची पाकिटं कोंबली. आईने ते पाहिलं आणि किंचाळली.

"अन्न पायताणात! अगं, लाज वाटत नाही?"

"पाकिटं बंद आहेत!"

"बंद असली म्हणून काय झालं?"

बराच आरडाओरडा झाला. शेवटी प्रकरण अक्कापुढे गेलं. तिने चष्मा लावला, बूट उलटे करून तळवे बघितले.

"घातलेस का एकदा तरी?"

"नाही."

"मग पायात जाईपर्यंत हे डबेच. राहू दे चटणी."

* * *

कुलकर्णीकाका स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत. पण मुलगा अमेरिकेत असल्यामुळे आमच्या गल्लीचे विमानतज्ज्ञ तेच. त्यांचं म्हणणं, जड कपडे बॅगेत भरायचेच नाहीत, अंगावर घालून जायचं. "रिहर्सल कर!" म्हणाले.

मी वेडी, ऐकलं. दोन स्वेटर, वर कोट, खिशांत चार्जर, आणि ऐन उन्हाळ्यात गल्लीच्या टोकापर्यंत चालून आले. टोकाला फुलवाली बसते. तिने माझ्याकडे बघून हातातला गजरा खाली ठेवला.

"एनातवा, ज्वर बंतेनु?"

ताप नव्हता हो, काका होते!

* * *

शेवटी अप्पा उठले. म्हणाले, "बाजूला व्हा सगळ्या." त्यांनी बॅग रिकामी केली आणि दुकानातल्या तूरडाळीसकट पोतं भरतात तशी भरायला घेतली. थोडं भरायचं, उचलून जमिनीवर आपटायचं, सामान बसलं की वर आणखी भरायचं. मी ओरडत होते, "अप्पा, ते पोतं नाही!"

"आतल्या तूरडाळीला माहीत आहे का ते?"

चौथ्या आपटण्याला कडकन आवाज झाला. एक चाक सुटून सोफ्याखाली गेलं.

अप्पांनी वाकून ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"पोत्याला चाकं नसतात, त्याला मी काय करू?"

त्याच संध्याकाळी नवी बॅग आणली. तिला त्यांनी आपटलं नाही.

* * *

निघायच्या दिवशी सकाळी उठले तर नवी बॅग जाड पांढऱ्या कापडात शिवलेली! दाभण आणि सुतळी, दुकानात पार्सल शिवतात तशी.

"अप्पा, तपासायला उघडली तर?"

"दाभण देऊ का सोबत?"

"दाभण विमानात चालत नाही," आई म्हणाली. आता तीही तज्ज्ञ!

विमानतळावर दारातच सगळ्यांना थांबवलं. आई रडली, अक्काने पेढ्यांचा डबा हातात कोंबला. अप्पांनी ट्रॉलीवर बॅग ठेवली, दोनदा हलवून नीट बसवली.

"पोचल्यावर वजन करून कळव," म्हणाले.

बॅगेचं! मी रागानेच आत गेले.

काउंटरवरच्या मुलीने बॅग पट्ट्यावर आडवी ठेवायला सांगितली. बरोबर तेवीस. बॅग आडवी झाली तशी इतका वेळ ट्रॉलीला टेकलेली बाजू वर आली. त्यावर लाल रंगात ठळक अक्षरांत माझं पूर्ण नाव होतं. खाली एक रेघ. रेघेखाली 'बारदान परत'. रंग अजून पुरता वाळला नव्हता.

मी काचेतून बाहेर बघितलं. अप्पा उरलेली सुतळी बोटांना गुंडाळत उभे होते.

"मॅडम," ती मुलगी म्हणाली, "हे काय लिहिलंय? नाजूक माल आहे का? स्टिकर लावू?"

"लावा," मी म्हटलं.